नफ्याच्या आधीची वर्षं

[दृश्य : छिंदवाडा रोडवरची सकाळची रहदारी. राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीचं प्रवेशद्वार.]

नागपूरच्या छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. भारतीय महसूल सेवेत निवडले गेलेले आयकर अधिकारी, मग ते केरळचे असोत की काश्मीरचे, कामावर रुजू होण्याआधी इथे येऊन आयकराचा कायदा शिकतात. १९५७ सालापासून हे शिक्षण या शहरात चालू आहे. कर कुणाकडून घ्यायचा, कधी घ्यायचा, कुणाला सोडायचा, याचे धडे साऱ्या देशाला नागपूर देतं.

म्हणूनच व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना आयकरातून कशी मदत मिळायला हवी, हा प्रश्न नागपुरातून विचारायला हवा, असं आम्हाला वाटलं.

[दृश्य : परसोडीचा आयटी पार्क. कॉलेज सुटल्यावरची गर्दी. लॅपटॉपवर अर्धवट रंगवलेलं एक पात्र.]

नागपुरात व्हीएनआयटी ही केंद्राची इंजिनिअरिंग संस्था आहे, बुटीबोरीकडे माहिती तंत्रज्ञान शिकवणारी ट्रिपल आयटी आहे, शिवाय खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं. दरवर्षी हजारो मुलंमुली प्रोग्रॅमिंग शिकून बाहेर पडतात. त्यातली बरीचशी पुण्याची किंवा बंगळुरूची गाडी पकडतात. काही विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांत लागतात. पण त्यातल्या काहींच्या मनात गेम बनवायचं असतं. स्वतःचा, इथे बसून.

गेम बनतो कसा, हे पैशांच्या बाजूने पाहिलं की सगळा प्रश्न समजतो. बऱ्यापैकी मोठा गेम तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. त्या काळात खर्च असतो तो मुख्यतः पगारांचा. प्रोग्रॅमर, चित्रकार, ॲनिमेटर, आवाज आणि संगीत करणारे, चुका शोधणारे टेस्टर. आवक मात्र शून्य. गेम बाजारात आल्यावर स्टीमसारखं ऑनलाइन दुकान विक्रीतले साधारण ३० टक्के स्वतःकडे ठेवतं. उरलेलं स्टुडिओच्या हातात पडतं, तेही गेम चालला तर.

समजा, त्रिमूर्तीनगरात सहा जणांचा एक स्टुडिओ आहे. दोन वर्षांचा खर्च ६० लाख रुपये. घरच्यांकडून आणि मित्रांकडून उभे केलेले. या स्टुडिओला सरकार काय देतं?

[दृश्य : फळ्यावर खडूने मांडलेला हिशेब.]

१६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया योजना सुरू झाली. त्याच वर्षी आयकर कायद्यात ८०-आयएसी हे कलम आलं. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, सवलतीचा सांगाडा तोच राहिला. सवलत अशी : मान्यताप्राप्त स्टार्टअपने पहिल्या दहा वर्षांतली सलग कुठलीही तीन वर्षं निवडावीत, त्या तीन वर्षांच्या नफ्यावर १०० टक्के वजावट. २०२५ च्या अर्थसंकल्पाने पात्रतेसाठी कंपनी स्थापनेची मुदत १ एप्रिल २०३० पर्यंत वाढवली. यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मॅट हा किमान कर तरीही भरावा लागू शकतो.

सवलत चांगली आहे. पण ती नफ्यावर आहे. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या स्टुडिओला पहिली दोन वर्षं नफाच नाही. शून्याची १०० टक्के वजावट शून्यच.

तिसऱ्या वर्षी गेम चालला आणि ८० लाख मिळाले, असं धरू. आधीच्या दोन वर्षांचा ६० लाखांचा तोटा त्यातून आधी वजा होतो. तो हक्क तर प्रत्येक कंपनीला आहेच. उरले २० लाख. ८०-आयएसीचा खरा फायदा तेवढ्या वीस लाखांवरचा कर वाचण्यापुरता, आणि तोही गेम यशस्वी झाल्यावर. ज्या महिन्यात पगार द्यायला पैसे नव्हते आणि ॲनिमेटर नोकरी शोधायला लागला होता, त्या महिन्यात या कलमाचा काडीचाही उपयोग झाला नसता.

जगात इतर ठिकाणी हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवलाय.

[दृश्य : जगाचा नकाशा. ब्रिटन, क्युबेक आणि ऑस्ट्रेलियावर खुणा.]

ब्रिटनने एप्रिल २०१४ पासून व्हिडिओ गेमसाठी खास करसवलत सुरू केली. १ जानेवारी २०२४ पासून तिचं नवं रूप लागू झालं. गेम बनवण्याच्या मुख्य खर्चापैकी जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम धरायची आणि तिच्यावर ३४ टक्के क्रेडिट, म्हणजे करातून वळती होणारी रक्कम, द्यायचं. या क्रेडिटवर कर लागतो, म्हणून हातात साधारण साडेपंचवीस टक्के येतात. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कंपनी तोट्यात असली तरी ही रक्कम सरकारकडून रोख मिळू शकते. गेम प्रकाशित होण्याची वाट पाहावी लागत नाही, वर्षाच्या विवरणपत्राबरोबर मागणी करता येते.

हेच गणित आपल्या स्टुडिओला लावून बघा. ६० लाखांचे ८० टक्के म्हणजे ४८ लाख. त्यावर सुमारे १२ लाख रुपये हातात. सहा जणांच्या संघाला जवळपास पाच महिन्यांचा श्वास.

कुणालाही मिळतं असं नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सांस्कृतिक चाचणीत ३१ पैकी १६ गुण मिळवावे लागतात. गेमची कथा कुठे घडते, भाषा कुठली, काम करणारी माणसं कुठली, यावर गुण असतात. आणि जुगाराचे गेम या सवलतीतून सरळ बाहेर.

कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९६ मध्येच पगारांच्या खर्चावर क्रेडिट सुरू केलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या युबिसॉफ्टने माँट्रियलमध्ये स्टुडिओ उघडला आणि पाहता पाहता ते शहर गेमनिर्मितीचं जागतिक केंद्र झालं. फ्रेंच भाषेत मिळणाऱ्या गेमला क्युबेकने साडेसात टक्के जादा ठेवले. आपली भाषा टिकवायची असेल तर तिच्यासाठी करातून पैसे सोडायचे, हे त्यांनी मनावर घेतलं. मराठीत खेळता येणाऱ्या गेमला असं काही मिळालं तर? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारे काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे, त्यांच्या मागून येणारे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे. या मिरवणुकीत अख्खा गेम दडलेला आहे. तो नागपूरकराने बनवायचा, की दुसऱ्या कुणी येऊन बनवेल त्याची वाट पाहायची?

ऑस्ट्रेलियाकडून मात्र सावध होण्यासारखी गोष्ट शिकावी. १ जुलै २०२२ पासूनच्या खर्चावर त्यांनी ३० टक्के सवलत दिली, पण किमान पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाची अट घातली. आपल्या पैशात अडीच कोटींहून जास्त. हा उंबरठा इथे ठेवला तर नागपुरातले छोटे स्टुडिओ दाराबाहेरच राहतील आणि सवलत मोठ्या परदेशी कंपन्या घेऊन जातील. क्युबेकवरही बड्या कंपन्यांना पोसल्याची टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून आपल्याकडे अट उलटी हवी. खर्चाला वरची मर्यादा असावी, खालची नको.

[दृश्य : काटोलजवळची संत्र्याची बाग. नवी कलमं.]

खर्चाच्या काळात मदत ही कल्पना आपल्याला परकी नाही. संत्र्याचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळाला येतं. म्हणून महाराष्ट्राच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान लागवडीपासून तीन वर्षांत मिळतं : पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०, तेही झाडं जगली असतील तर. काटोल-वरुडच्या शेतकऱ्याला कुणी म्हणत नाही की आधी संत्री विक, मग बघू. गेमचा स्टुडिओही असाच उशिरा फळणारा आहे.

केंद्र सरकारनेही हे केलं आहे. परदेशी चित्रपट भारतात बनवणाऱ्यांना झालेल्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा, कमाल ३० कोटी रुपये, अशी घोषणा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. बाहेरच्या निर्मात्याला खर्चावर परतावा देता येतो, तर इथल्या गेमकर्त्याला का देता येऊ नये?

[दृश्य : वर्धा रोड. बेसा, बेलतरोडीतले प्लॉट, विक्रीच्या पाट्या.]

आता पैसे लावणाऱ्यांची बाजू. नागपुरात पैसा नाही असं कोण म्हणेल? डॉक्टर आहेत, व्यापारी आहेत, निवृत्तीची रक्कम मिळालेले अधिकारी आहेत. पण इथल्या घराघरांत सल्ला एकच : “प्लॉट घेऊन ठेव बाप्पा.” जमीन जागेवरून हलत नाही, स्टार्टअप बुडू शकतो. सल्ला देणाऱ्याचं काही चुकत नाही.

त्यात २०१२ पासून एंजल टॅक्स होता. कंपनीने वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर दिले, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरून त्यावर कर. नुसत्या कल्पनेवर उभ्या असलेल्या गेम स्टुडिओचं वाजवी मूल्य ठरवणार कसं? २०१९ मध्ये मान्यताप्राप्त स्टार्टअपना अटींसह सूट मिळाली आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्द करण्याची घोषणा झाली. वाटेतला काटा निघाला, याचं मनापासून स्वागत.

पण काटा काढणं वेगळं आणि हात धरून पुढे नेणं वेगळं. ब्रिटनमध्ये २०१२ पासूनच्या एका योजनेत अगदी नव्या छोट्या कंपनीत पैसे घालणाऱ्याला त्या रकमेच्या ५० टक्के स्वतःच्या आयकरातून सूट मिळते. थोड्या मोठ्या कंपन्यांसाठी १९९४ पासून दुसरी योजना आहे, तिच्यात ३० टक्के. आपल्याकडे पैसे घालताना वैयक्तिक आयकरात अशी कुठलीही सूट नाही.

एक कलम होतं, ५४-जीबी. राहतं घर किंवा निवासी प्लॉट विकून आलेली रक्कम पात्र स्टार्टअपच्या शेअरमध्ये घातली, तर त्या विक्रीच्या भांडवली नफ्यावर सूट मिळायची. प्लॉटांच्या या शहरासाठी याहून नेमकं कलम शोधून सापडलं नसतं! त्याची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. पुढे वाढवली गेली नाही. आमच्या मते हे कलम परत आणण्यासाठी नागपूरनेच आवाज उठवायला हवा.

[दृश्य : मोबाइलवर गेम खेळणारा मुलगा, शेजारी आई.]

गेमिंग म्हटलं की पालकांच्या कपाळावर आठी येते, आणि तिला कारण आहे. पैसे लावून खेळायच्या ॲपमध्ये घरं धुतली गेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कौशल्यावरच्या स्पर्धांना, मान्यता आहे. म्हणजे जुगार बाजूला काढून बाकीच्या गेमना हात देण्याची वाट संसदेनेच मोकळी केली आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स (पडद्यावरची संगणकी दृश्यं), गेमिंग आणि कॉमिक्ससाठी धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद. कर्नाटकाने असं धोरण २०१२ मध्येच आणलं होतं, तेव्हा आपण उशिरा निघालोय. यातला पैसा इमारती आणि पार्क यांत किती जाणार आणि सहा जणांच्या पगारात किती, यावर सगळं अवलंबून आहे. नागपुरात काचेच्या इमारतींची वाण नाही.

[दृश्य : सीएचं कार्यालय. टेबलावर फायली.]

आज स्टुडिओ काढायचा असेल तर काय करावं? कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नोंदवा. डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता घ्या, तिला शुल्क नाही. २०२१ च्या सीड फंड योजनेत इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या स्टार्टअपना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय होती, ती अजून चालू आहे का ते विचारा. कंपनीसाठी २२ टक्क्यांचा सवलतीचा करदर निवडण्याआधी सीएशी सविस्तर बोला, कारण तो एकदा निवडला की मागे फिरता येत नाही आणि तीन वर्षांच्या करमाफीचं दार बंद होतं.

आणि हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रिमंडळ नागपुरात येतं, तेव्हा विदर्भातल्या आमदारांनी सभागृहात एवढंच विचारावं : गेमिंग धोरणातून मुंबई-पुण्याबाहेरच्या, वर्षाला एक कोटीपेक्षा कमी खर्च असलेल्या स्टुडिओला पगाराच्या खर्चावर किती टक्के परतावा मिळणार, आणि तो कोणत्या महिन्यात खात्यात जमा होणार?