चारशे डॉलरची पेटी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी माझी आई फेब्रुवारीत आमच्याकडे अमेरिकेत आली आणि जूनच्या अखेरीला परत गेली. बाहेर गुडघाभर बर्फ, आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. तिला दिवस खायला उठायचा. एका शनिवारी संध्याकाळी तिला पब्लिक टेलिव्हिजनवर एक जुना कार्यक्रम सापडला. सूट घातलेला एक गृहस्थ वाद्यवृंदासमोर हात हलवत होता. मग त्यानं ॲकॉर्डियन गळ्यात अडकवलं आणि तोही वाजवायला लागला. आईनं मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे ये, बघ तरी, हा उभ्यानं पेटी वाजवतोय!"

माझे आजोबा दहिवडीकडच्या आमच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. त्यामुळे आईचा शनिवार तेव्हापासून ठरून गेला.

तो गृहस्थ म्हणजे लॉरेन्स वेल्क. त्याचा कार्यक्रम १९५५ ते १९७१ एबीसी वाहिनीवर चालला. वाहिनीनं तो बंद केला तेव्हा त्यानं स्वतः गावोगावची टीव्ही केंद्रं गाठून १९८२ पर्यंत चालू ठेवला. त्याचं लहानपणीचं घर नॉर्थ डाकोटा राज्यात जपून ठेवलंय हे कळल्यावर जूनमध्ये आईला घेऊन आम्ही तिकडे गेलो. बिस्मार्कपासून दक्षिणेला तासा-सव्वा तासावर स्ट्रासबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर गवत आणि शेतं, आणि मधोमध एक पांढरं घर.

बाहेरून घर लाकडी फळ्यांचं दिसतं. आत गेल्यावर आई खिडकीपाशी थांबली. खिडकीचा कट्टा हातभर रुंद. तिनं त्यावर तळवा टेकवला आणि म्हणाली, "ही मातीची भिंत आहे. आमच्या माहेरच्या वाड्याची अशीच होती." आणि खरंच तशीच होती. माती आणि गवताचा चिखल तुडवून, त्याच्या कच्च्या विटा पाडून ती भिंत रचलेली. फळ्या वरून मारलेल्या.

त्या माळावर झाड नाही. मग जळण कुठलं? शेणात गवत मुरवायचं, त्याच्या वड्या कापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि हिवाळाभर त्या चुलीत घालायच्या. इथे येऊन वसलेले वेल्क कुटुंबासारखे जर्मन लोक त्याला 'मिस्ट' म्हणायचे. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे गोवऱ्याच की." त्या क्षणी हजारो मैलांचं अंतर मिटलं, असं मला मनापासून वाटलं.

हे लोक जर्मन, पण आले रशियाच्या साम्राज्यातून. आधी त्यांचे पूर्वज काळ्या समुद्राजवळ ओडेसाच्या आसपास जाऊन शेती करत होते. झारनं त्यांना दिलेल्या सवलती १८७१ मध्ये काढून घेतल्या, पाठोपाठ सक्तीची लष्करभरती आली, आणि माणसं पुन्हा गाठोडी बांधून निघाली. लॉरेन्सचे आईवडील, लुडविग आणि क्रिस्टियाना वेल्क, १८९२ मध्ये इथे पोचले. अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. ही जमीन त्याआधी इथल्या मूळच्या डाकोटा लोकांची होती आणि त्यांना ती सोडावी लागली होती, हेही आपण विसरू नये. पाऊस आमच्या माणदेशासारखाच बेभरवशाचा, आणि थंडी मात्र हाडं फोडणारी.

लॉरेन्सचा जन्म ११ मार्च १९०३ चा, आठ भावंडांत सहावा. शाळा चौथीपर्यंत. लहानपणी अपेंडिक्स फुटून तो मरता मरता वाचला आणि कित्येक महिने घरात पडून राहिला. शेतावर राबायची ताकद नव्हती, तेव्हा हाताशी होतं ते वडिलांचं जुनं ॲकॉर्डियन. वडील त्यावर घरात भक्तिगीतं वाजवायचे.

सतराव्या वर्षी त्यानं वडिलांना सांगितलं, मला चांगलं ॲकॉर्डियन हवंय. किंमत चारशे डॉलर.

इथे मला लुडविगबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण गोष्टी सांगताना सगळे मुलाचीच बाजू घेतात. लुडविगची इच्छा होती मुलानं शेतकरी व्हावं. गाणंबजावणं सणावाराला ठीक, त्यावर पोट भरतं हे त्याला पटणारं नव्हतं. दोन देशांत मातीशी झगडलेला माणूस तो. तरी त्यानं चारशे डॉलर मोजले. बदल्यात करार केला: एकविसाव्या वर्षापर्यंत घरच्या शेतात राबायचं, आणि लग्नात, नाचात वाजवून जे मिळेल ते घरी आणून द्यायचं. काहींना हा करार कठोर वाटतो. मला वाटत नाही. जे आपल्याला कळत नाही, ज्याच्यावर आपला विश्वास नाही, त्याच्यासाठी गाठीचा पैसा काढून देणं याला छाती लागते. मी स्वतः बाप आहे, म्हणून हे मला आतून समजतं.

लॉरेन्सनं शब्द पाळला. एकविसावा वाढदिवस आला त्या दिवशी, १९२४ च्या मार्चमध्ये, तो ॲकॉर्डियन घेऊन घराबाहेर पडला. आधी लग्नकार्यं, मग साउथ डाकोटात यँक्टनचं रेडिओ केंद्र, मग शिकागोचं ट्रायनॉन हे नाचाचं सभागृह आणि शेवटी कॅलिफोर्निया. १९३१ मध्ये त्यानं फर्न रेनर या नर्सशी लग्न केलं. दोन मुली, एक मुलगा. बँडवाल्याचा संसार म्हणजे बायकोची परीक्षा, पण तो १९९२ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, एकसष्ट वर्षं टिकला. दर नाताळच्या कार्यक्रमात तो कलाकारांच्या बायकामुलांना मंचावर आणायचा. आईला तोच भाग सगळ्यांत आवडला होता.

वडिलांचा करारीपणा त्याच्यात पुरेपूर उतरला होता. वादकांना ठरलेला पगार द्यायचा, पण नफ्यातला वाटाही राखून ठेवायचा. शिस्त मात्र कडक, कधी कधी अति. १९५९ मध्ये एका लाडक्या गायिकेला गुडघे दिसतात एवढ्यावरून त्यानं काढलं. प्रेक्षक खवळले, त्यानं तिला परत बोलावलं, ती आली नाही. ते त्याचं चुकलंच.

आणि भाषा! घरात जर्मन, गावात जर्मन, चर्चमध्ये जर्मन. घर सोडलं तेव्हा इंग्रजी जेमतेम. 'वंडरफुल'चं 'वनरफुल' व्हायचं, आणि तो उच्चार जन्मभर राहिला. देशभर लोकांनी त्याच्या नकला केल्या आणि त्याच लोकांनी दर आठवड्याला त्याला आपल्या दिवाणखान्यात घेतलं. माझे पहिले कितीतरी महिने ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडता गेले, त्यामुळे टीव्हीवर त्याचं ते 'वनरफुल' ऐकलं की मला धीर येतो.

स्ट्रासबर्गहून निघताना आई पुन्हा त्या खिडकीपाशी गेली. म्हणाली, "त्या बापाला कधी कळलं असेल का रे, आपण काय विकत घेतलं ते?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या रविवारच्या पेटीवर्गाची सहा मुलं पडद्यामागे कधीची तयार आहेत. त्यांच्या पेट्या पुण्याहून, कोल्हापुरातून विमानानं आल्या आहेत. कुणाचा भाता वाटेत फाटला, कुणाचे स्वर उतरले, आणि आईवडिलांनी ते इथे निगुतीनं दुरुस्त करून घेतले. सगळ्यांत धाकटी सात वर्षांची आहे. तिचे वडील तिला दर रविवारी चाळीस मैल गाडी चालवून आणतात, आणि त्यांना स्वतःला सा कुठला आणि रे कुठला हे सांगता येत नाही. ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत.

चला बाळांनो, या.