कातर, छिन्नी आणि कागद

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत आम्हाला कातरकामाचा तास असायचा. घोटीव कागदाची चौपदरी घडी घालायची, कडेनं चंद्रकोरी कापायच्या आणि उलगडायची, की हातात जाळी! माझ्या हातात मात्र चार तुकडे यायचे. घडीची बाजू कुठली आणि मोकळी कुठली, हे मला कधी उमगलंच नाही.

ज्यांना उमगलं, त्यांच्याबद्दल आज बोलू. चीनमध्ये नववर्षाला खिडकीच्या कागदावर लाल कातरकाम चिकटवायची जुनी रीत आहे. बाहेरचा उजेड आत येताना त्यातून गाळून येतो. युनेस्कोनं 2009 साली ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

मला खरं कुतूहल वाटतं ते हत्यारांचं. पोलंडमधले शेतकरी नाजूक कोंबडे आणि फुलं कापायचे ती मेंढ्यांची लोकर उतरवायच्या धिप्पाड कातरीनं! चुना दिलेल्या भिंतीवर ती डकवायची. पुढच्या वर्षी नवा चुना, नवे कोंबडे.

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात योहान याकोब हाउसविर्त नावाचा एक मजूर होऊन गेला. 1809चा जन्म. मोलमजुरी करायची, कोळसा पाडायचा आणि गावोगाव हिंडायचं. बोटं इतकी जाड, की कात्रीच्या कड्यांत शिरेनात. म्हणून पठ्ठ्यानं कड्यांना तारेचे मोठे फासे जोडून घेतले, असं सांगतात. त्या कात्रीतून उतरल्या त्या कुरणाकडे रांगेनं चढणाऱ्या गाई, प्रत्येकीची शिंगं वेगळी! एका वेळच्या जेवणाचं, रात्रीच्या आसऱ्याचं मोल तो असल्या चित्रांनी फेडायचा. 1871 साली तो गेला. त्याची चित्रं आज संग्रहालयात आहेत.

मेक्सिकोत तर कात्रीच नाही. प्वेब्ला प्रांतातले कारागीर पतंगी कागदाचे पन्नासेक ताव एकावर एक रचतात आणि छिन्नी-हातोडीनं ठोकून नक्षी पाडतात. दगडफोड्याचं काम, पण कागदावर! नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणात, या पताका घराघरांत फडफडतात. त्यावर हसरे सांगाडेही असतात.

पितरांचे दिवस आपल्याकडेही असतात. त्याच पितृपक्षात मथुरा-वृंदावनच्या देवळांत सांझी, म्हणजे कोरड्या रंगांची रांगोळी, घालतात. कदंब, मोर, गाई, यमुनेचा घाट हे सारं बारीक कात्रीनं कागदात कापलेलं. या कागदाला खाका म्हणतात. दिवाळीत आपण रांगोळीचे छापे आणतो ना, तसाच, पण कितीतरी नाजूक. गंमत अशी, की इथं कागद हे चित्र नव्हेच. खाका मांडायचा, वरून कोरडा रंग चाळायचा, दुसऱ्या रंगाला दुसरा खाका. उचलताना श्वास रोखायचा, कारण एक फुंकर लागली तरी मोराचा पिसारा गेला. दर्शन झालं की सांझी पुसली जाते. खाका तेवढा झटकून जपून ठेवतात, पुढच्या पितृपक्षासाठी.

नमस्कार.