तारांगणे आणि साप्ताहिके

नमस्कार श्रोतेहो. विनोदी कवितेतला कवी स्वतःची थोरवी गाता गाता स्वतःच उघडा कसा पडतो, त्याबद्दल आज बोलू या.

केशवसुतांची 'आम्ही कोण?' तुम्हाला ठाऊक आहेच. कवी म्हणजे देवाचे लाडके! आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले'मध्ये तिचं विडंबन केलं.

आमच्या मराठीच्या बाईंनी एकदा दोन मुलींना समोरासमोर उभं केलं. एकीकडे केशवसुत, दुसरीकडे केशवकुमार. ओळ हिनं म्हणायची, मग तिनं. अट एकच, हसायचं नाही. दोन्हीकडे वृत्त शार्दूलविक्रीडितच, त्यामुळे चालही तीच. पहिलीनं ठणकावलं, 'आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे!' वर्ग गप्प. दुसरीनंही तितक्याच ताठ मानेनं सुरुवात केली, 'आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील...' आणि शेवटी आलं, 'साप्ताहिके!' वर्ग नुसता फुटला. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनी तीच ओळ एका मुलाला दिली. तो डोळे मिचकावत, 'आता गंमत बघा' अशा सुरात म्हणाला. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "अरे, तो कवी स्वतःला खरंच मोठा समजतो. तूच त्याला हसलास, तर आम्ही कशाला हसू?"

हल्ली काव्यवाचनामागे बासरी लावतात. ती बंद करावी असं मला मनापासून वाटतं. वृत्त कानावर नीट पडू तर द्या!

तर बढाई कवीचीच, आणि ती फोडणारा शब्दही त्याच्याच तोंडचा. पुन्हा सांगते, दोन्ही त्याच्याच तोंडचं. तारांगणे, साप्ताहिके, दोन्हींचं माप तेच. म्हणून कान आकाशाची वाट बघत असतो आणि हाती येतो छापील कागद. समर्थांनी मूर्खलक्षणांत 'आपली आपण करी स्तुति' असं म्हटलं, पण तिथे सांगणारा वेगळा आणि मूर्ख वेगळा. इथे तो मूर्खच 'आम्ही' म्हणून बोलतो, तेही ऐटीत.

आणि हे 'आम्ही' लिहिणारे अत्रे स्वतः गंभीर कविताही लिहीत. टोपणनावसुद्धा केशवसुतांच्याच वळणाचं. म्हणजे त्या साप्ताहिकवाल्या कवींच्या रांगेत त्यांनी स्वतःलाही उभं केलं होतं. मला ही कविता आवडते ती त्यासाठीच.