स्वेटरचे माप

(दृश्य : लालबागची चाळ, तळमजल्यावरची खोली. पलंगाखालून ओढून काढलेली काळी लोखंडी ट्रंक.)

ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात वडिलांचा सैन्यातला नंबर लिहिलेला आहे. पोपडे उडाले असले तरी शेवटचे तीन आकडे अजून वाचता येतात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या ‘जंगी पलटणी’त होते. १९७१च्या डिसेंबरात, १० तारखेच्या रात्री, जमालपूरहून ढाक्याकडे निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी तुकडीचा रस्ता या पलटणीने अडवून धरला होता. वडिलांच्या सर्वांत धाकट्या नातीला जमालपूर कोणत्या देशात आहे हेही ठाऊक नाही. ही ट्रंक तिच्यासाठी उघडली आहे.

(दृश्य : जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर मांडलेली तीन पदके.)

पूर्व आघाडीवर लढलेल्यांचा पाच टोकांचा ‘पूर्वी स्टार’, १९७१च्या युद्धाचे संग्राम पदक, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळालेले स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक. यांतले एकही शौर्यपदक नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकले, कारण घरातल्या गोष्टी दर पिढीला थोड्या फुगतात. आम्ही तिघा भावंडांनी एकेक पदक वाटून घ्यावे असे धाकट्याचे म्हणणे होते. मी ते मानले नाही. एका पट्टीवर पन्नासहून अधिक वर्षे शेजारी राहिलेली पदके तीन घरांत गेली, की त्यांचे तीन शोभेचे बिल्ले होतात. ब्रासो लावून ती चकचकीत करण्याचा बेतही मोडीत काढला. चुका मात्र झाल्याच : पलटणीचा एक फोटो मी हौसेने लॅमिनेट करून आणला आणि आता तो त्या प्लॅस्टिकमधून सुखरूप निघणे कठीण आहे. उरलेल्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहिली. चार चेहरे ओळखणारे आता कोणी नाही.

(दृश्य : पत्रांचा गठ्ठा, पत्त्यात ‘द्वारा ९९ एपीओ’, म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय.)

ट्रंकेत सापडलेली पत्रे वडिलांची नाहीत, आईची आहेत. तिने मुंबईहून लिहिलेले प्रत्येक पत्र त्यांनी जपून परत आणले. एका पाकिटावर, निर्वासितांच्या मदतीसाठी त्या वर्षी टपालावर लावावे लागणारे पाच पैशांचे जादा तिकीट आहे. आतल्या मजकुरात ब्लॅकआउटसाठी काचांना चिकटवलेला काळा कागद आहे, भोंगा वाजला की मला कडेवर घेऊन जिन्याखाली बसण्याची धांदल आहे, आणि अगदी शेवटी, कडेच्या उरलेल्या जागेत, आडवे लिहिलेले वाक्य : ‘स्वेटरचे माप कळवा.’

वडिलांची उत्तरे आईने कपाटाच्या तळाच्या खणात ठेवली होती. २६ जुलै २००५च्या पुरात खोलीत कमरेएवढे पाणी आले आणि त्या कागदांचा लगदा झाला. त्यामुळे नातवंडांच्या हाती लढाईवरून आलेले एकही पत्र पडणार नाही. पडेल ती लढाईवर गेलेली मुंबई. म्हणून रविवारी दुपारी मोबाइल समोर ठेवून एकेक पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्याला काय उत्तर आले होते ते विचारतो. पुष्कळदा तिला आठवत नाही, तेव्हा ती तसे सांगते. तेही आम्ही पुसत नाही.

स्वेटरच्या पत्रापाशी मात्र ती थांबली नाही.

(ध्वनी : आईचा आवाज.)

“छाती छत्तीस. आणि लिहिलं होतं, बाह्या जरा लांब ठेव, इथे बोटं गारठतात.”