‘तुम्ही पंखा बंद करता का?’ हा प्रश्न आधी बंद करा

नमस्कार मंडळी. घसा बसलाय, तेव्हा आवाज सांभाळून घ्या.

गेले तीन आठवडे कमेंटमध्ये एकच धोशा चाललाय. ‘मॅडम, कॉलेजमधल्या मुलांच्या पर्यावरण जागरूकतेवर फील्ड प्रोजेक्ट आहे, प्रश्नावली द्या.’ कुणाचं शीर्षक ‘विद्यार्थ्यांमधील शाश्वत जीवनशैलीविषयी जाणीव व सवयी : एक अभ्यास’, कुणाचं हेच, फक्त शेवटी ‘चिकित्सक अभ्यास’. एकाने तर सरळ लिहिलंय, ‘मॅडम रेडीमेड पीडीएफ टाका, शुक्रवारी सबमिशन आहे.’ अरे बाळा, मी काय झेरॉक्सचं दुकान उघडून बसलेय का?

पण विषय चांगला आहे. मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि त्यातली चार वर्षं हाच विषय माझ्या गळ्यात होता. त्यामुळे बोलू.

आधी पार्श्वभूमी, पटकन. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता, त्यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं की पर्यावरण शिकवणं सक्तीचं करा. पुढे यूजीसीने पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला, त्याचं पुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिलं. त्या अभ्यासक्रमात ५० तासिका होत्या आणि त्यातल्या ५ फील्डवर्कच्या. त्या पाच तासिकांत मी स्वतः विद्यार्थी असताना पेपरातली कात्रणं वहीत चिकटवली होती, खोटं कशाला बोलू. मग नॅकचा, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचा, सातवा निकष आला, ग्रीन ऑडिट (कॅम्पसची पर्यावरण तपासणी) आलं. जगभरात यूआय ग्रीनमेट्रिक नावाची क्रमवारी आहे, इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेली. त्यातली सदरं अशी : परिसर, ऊर्जा, कचरा, पाणी, वाहतूक, शिक्षण. ही सगळी मोजणी संस्थेची. सोलर किती, झाडं किती, पार्किंग केवढं. पोरांच्या डोक्यात काय आहे आणि हात काय करतात, ते त्यात फारसं येत नाही. तुमचं प्रोजेक्ट तिथून सुरू होतं.

नमुना किती घ्यायचा, म्हणजे किती जणांना विचारायचं? सगळे ३८४ विचारतात, नमुन्याच्या तक्त्यात मोठ्या गटासाठी तोच आकडा असतो म्हणून. तो ३८४ चा आकडा चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली तर लागू होतो. तुम्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून ‘प्लीज भरा रे’ म्हणणार असाल तर ३८४ काय आणि १२७ काय, फरक नाही. पुढे.

आता मुद्द्याचं. हातात एक प्रश्नावली आहे, कुठली ते सांगत नाही. पहिला प्रश्न : ‘तुम्ही वर्गातून बाहेर पडताना पंखा व दिवे बंद करता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.’ दुसरा : ‘तुम्ही ओला व सुका कचरा वेगळा करता का?’ तिसरा : ‘तुम्ही वीज आणि पाण्याची बचत करता का?’ हा तर एकात दोन. वीज वाचवणारा पण नळ सोडून दात घासणारा काय टिक करणार, हो की नाही?

माझी खरी चीड आहे ती ‘करता का’ वर. ‘करता का’ विचारलं की समोरचा काय करतो ते कळत नाही, त्याला काय करायला हवं हे माहीत आहे का, एवढंच कळतं. शाळेत ‘रोज दात घासता का?’ विचारलं की सगळे हात वर करायचे, तसं.

माझाच किस्सा सांगते. एका कॉलेजात (नाव राहू दे) आम्ही छापील फॉर्म वाटले. वर्गातच भरून घेतले, म्हटलं घरी नेले तर परत येणार नाहीत. पंख्याच्या प्रश्नावर जवळजवळ सगळ्यांची टिक ‘नेहमी’ वर. मी खूश. गठ्ठा घेऊन खाली आले आणि पाण्याची बाटली वर राहिली म्हणून परत गेले. वर्ग रिकामा. सहाच्या सहा पंखे फुल स्पीडवर, आणि त्या वाऱ्याने एक उरलेला कोरा फॉर्म बाकाखाली फडफडतोय.

हिशेब करा. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. सहा पंखे, दोन तास रिकामा वर्ग, म्हणजे ९०० वॅट-तास, जवळपास एक युनिट. एका वर्गाचं, एका दुपारचं. आणि माझ्या अहवालात काय येणार होतं? ‘विद्यार्थ्यांमध्ये ऊर्जा बचतीची उत्तम सवय आढळली.’

मागच्या व्हिडिओवर कुणी म्हणालं होतं, ‘मॅडम, आपली मुलं खोटं बोलतात.’ नाही हो! त्यांना खरंच तसं वाटतं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात विल्यम राथजे नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. पुरातत्त्ववाले जुन्या लोकांचा कचराच तर उकरतात. यांनी १९७३ मध्ये टूसान शहरातल्या जिवंत लोकांचा कचरा विद्यार्थ्यांकडून उकरून घेतला. तिकडे मुलाखतीत विचारलं, घरी बिअर किती लागते, तर लोक कमी सांगायचे. इकडे पिशवीत कॅन जास्त निघायचे. म्हणजे विद्यापीठातली पोरं हातमोजे घालून कचरा मोजतात, हा प्रकार पन्नास वर्षं जुना आहे. तुमच्या गाईडला सांगा.

तर मग आम्हीही मोजला. कँटीनबाहेरचा निळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुका कचरा’. प्राचार्यांची परवानगी घेतली, आणि त्याहून महत्त्वाचं, सफाईच्या मावशींना विचारलं. डबा ओतला मागच्या वर्षीच्या गॅदरिंगच्या फ्लेक्सवर. काय निघालं? चहाचे कागदी कप, एकात एक घुसवलेले, आणि सगळ्यात आतल्या कपात उरलेला चहा. लाल चटणी लागलेले वडापावचे कागद. केळ्याची सालं. कुरकुऱ्यांची पाकिटं. फॉइलमध्ये अर्धी पोळी आणि बटाट्याची भाजी. आणि तळाला, चहाने भिजलेला, चुरगळलेला आमचाच फॉर्म. उघडून बघितला. ‘कचरा वेगळा करता का?’ समोर टिक, ‘नेहमी’.

तो फॉर्म मी अजून ठेवलाय. (दाखवते.) हा बघा. वास येत नाही आता.

मावशी बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘बाई, निळ्या-हिरव्याचं काय घेऊन बसलात, मागं गाडीत सगळं एकच होतंय.’ हे लिहून घ्या! २०१६ च्या घनकचरा नियमांतच कचरा वेगळा करा म्हटलं होतं, पण कॅम्पसच्या मागच्या गेटला सगळं एकत्र होत असेल, तर पोरांच्या सवयीला नापास करण्याआधी ते मागचं गेट मोजा. प्रत्येक सवयीशेजारी एक रकाना हवा : सोय आहे का? डबा पंचवीस पावलांत आहे का? पंख्याचं बटण वर्गात आहे की शिपायाच्या खोलीशेजारच्या बोर्डावर? गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला असेल आणि प्रॅक्टिकल सहाला सुटत असेल, तर ‘सार्वजनिक वाहतूक वापरता का?’ विचारून काय उपयोग?

बरं, विचारायचं कसं? कारण रोज डबा ओतता येत नाही, हे मलाही कळतं. एकच युक्ती : ‘काल’ विचारा. ‘काल कॉलेजला कसे आलात?’ ‘काल कॅम्पसवर चहा किती वेळा घेतलात, कशात?’ ‘काल दुपारी खाल्लं त्याचा कागद किंवा डबा कुठे गेला?’ ‘काल’ ला तोंडपाठ उत्तर नसतं. माणूस आठवतो, आठवताना जरा ओशाळतो आणि खरं लिहितो. ‘नेहमी’ ला काही आठवावंच लागत नाही. मी पुन्हा सांगते, तुम्ही तरीही ‘करता का’ लिहिणार आहात, मला माहितीय. प्रश्नावली झाली की ‘करता का’ हे शब्द शोधा आणि सापडतील तिथे लाल पेनाने काट मारा.

जाणिवेचंही तेच. ‘तुम्हाला शाश्वत विकासाबद्दल माहिती आहे का? हो/नाही.’ यातून काय कळणार? माहिती तपासायची तर ज्याचं उत्तर चुकू शकतं असं विचारा. पण ‘ब्रुंटलँड अहवाल कधी आला?’ असलं जीके नको. (शाश्वत विकासाची व्याख्या करणारा यूएनचा अहवाल, १९८७. आता कमेंटमध्ये विचारू नका.) जवळचं विचारा. चहाचा कागदी कप साध्या रद्दीत का चालत नाही? आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून. आपल्या कॅम्पसवर पाणी कुठून येतं? हा प्रश्न मी एकदा स्टाफरूममध्ये विचारला. एक जण म्हणाले, ‘टाकीतून.’

वृत्ती, म्हणजे निसर्गाकडे बघायचा दृष्टिकोन, मोजायला एक तयार मापनी आहे, एनईपी (न्यू इकॉलॉजिकल पॅराडाइम). थांबा! सर्च केलंत की नवीन शैक्षणिक धोरणच येणार, एका मुलीने खरोखर त्याच्यावर चार पानं लिहून पाठवली होती मला. ही वेगळी, डनलॅप आणि व्हॅन लिअर यांची, १९७८ ची. २००० मध्ये सुधारून १५ विधानांची केली. त्यात काही विधानं सरळ, काही उलटी. सगळीकडे डोळे मिटून ‘सहमत’ करणारा आपोआप पकडला जातो. मराठीत करताना नीट करा. आपल्या पोरांना कळेल असं, गाईडला आवडेल असं नको.

एक चूक फार होते. जाणीव आणि सवय यांचे गुण मिळवून ‘शाश्वतता गुणांक’ काढतात. का? माझ्या वर्गात एक मुलगी होती, एसटीने यायची, स्टीलच्या डब्यात भाकरी, पाण्याची बाटली घरून. सवयीचे पैकीच्या पैकी. फॉर्म भरताना मला विचारते, ‘मॅडम, शाश्वत म्हणजे कायमस्वरूपी नोकरी ना?’ आणि स्कूटी घ्यायला पैसे साठवत होती. तिच्या शेजारचा वक्तृत्वात बक्षीस घेणारा, हवामान बदलावर दहा मिनिटं न थांबता बोलायचा, बुलेटवरून, दीड किलोमीटर. या दोघांची सरासरी काढून तुम्ही काय सांगणार? दोन रकाने वेगळे ठेवा.

‘कोरिलेशन (सहसंबंध) काढू का?’ तीन जणांनी विचारलंय. फॉर्म निनावी, डबा सगळ्यांचा; कशाचं कशाशी काढणार? फार तर मजल्याप्रमाणे बघा. कॉमर्सच्या मजल्यावरचे फॉर्म काय म्हणतात आणि कॉमर्सच्या मजल्यावरचे पंखे काय म्हणतात. शेजारी शेजारी ठेवा, बास.

आणि मोजणी जाहीर करू नका. आमच्या एनएसएसच्या उत्साही पोरांनी आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘उद्या कचरा मोजणी’. दुसऱ्या दिवशी डबा असा चकाचक, की मावशींनीच विचारलं, सुट्टी आहे का आज. आठवडा वाया. गॅदरिंग, परीक्षा असले दिवसही टाळा. चेहऱ्यांचे फोटो काढू नका, पोरं पकडायची नाहीयेत आपल्याला.

तर शुक्रवारवाल्या, तुझ्याकडे चार दिवस आहेत. दहाच प्रश्न कर, सगळे ‘काल’ चे. उद्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत, एकाच वेळी, एकाच मजल्यावरचे रिकामे वर्ग आणि चालू पंखे वहीत लिही. एक दिवस डबाही ओत. वजनाला ताणकाटा फिजिक्सच्या लॅबमध्ये मिळेल, पण लॅब असिस्टंटला कचऱ्यासाठी हवाय हे आधी सांगू नकोस. हातमोजे मेडिकलमध्ये. फ्लेक्स तुमच्या जिमखान्याच्या कपाटामागे असेलच.