केबलच्या बिलातलं फुटबॉल

(मंडळाच्या सभेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, 'विद्यापीठांच्या फुटबॉलमधली फोडाफोडी आणि टीव्हीचा पैसा'. फोडाफोडी म्हटल्यावर काही जणांचे कान टवकारले, ते मला इथून दिसलं. पण महाराष्ट्राच्या राजकारणावर मी बोलणार नाही. निदान माइक चालू असेपर्यंत तरी नाही.

न्यू जर्सीत उभं राहून रटगर्सबद्दल बोलायचं म्हणजे धाडसच. निम्म्या सभागृहाची मुलं तिथे शिकतात. १८६९ साली अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना इथेच, न्यू ब्रन्सविकला झाला. रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ हरवलं. आठवड्याभरात प्रिन्स्टननं ८-० अशी परतफेड केली. पुढची दीडशे वर्षं या दुसऱ्या सामन्यासारखीच गेली, असं माझा मुलगा म्हणतो. तो रटगर्सचाच, त्यामुळे त्याला माफ.

अशा रटगर्सला २०१२च्या नोव्हेंबरात 'बिग टेन'नं आत घेतलं. बिग टेन म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा एक गट, इथल्या भाषेत 'कॉन्फरन्स'. त्यात मिशिगन, ओहायो स्टेट अशी बडी घराणी. त्यांना आमच्यात काय दिसलं? उत्तर एडिसनच्या काकूंकडे आहे.

काकूंना बरेच जण ओळखता, म्हणून नाव घेत नाही. एकानं चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं, याला त्या खेळ मानत नाहीत. घरी संध्याकाळी मराठी मालिका. केबलचं बिल मात्र नेमानं भरणार. आता गंमत बघा. २००७ साली बिग टेननं फॉक्सच्या भागीदारीत स्वतःचं चॅनल काढलं. ज्या राज्यात बिग टेनचं विद्यापीठ, तिथे हे चॅनल नेहमीच्या पॅकेजातच घालायचं आणि घरामागे महिन्याला डॉलरच्या आसपास घ्यायचे. बाहेरच्या राज्यांत नुसती चिल्लर. रटगर्स आलं की न्यू जर्सी आली आणि न्यू यॉर्कच्या बाजारात पाय रोवला. त्याच आठवड्यात मेरीलँड घेतलं, म्हणजे बाल्टिमोर-वॉशिंग्टन. कोण किती सामने जिंकतं हा मुद्दाच नव्हता. केबलची घरं किती, एवढंच पाहिलं गेलं.

हे काकूंना समजावलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे ओहायोच्या कोचचा पगार मी देते? मग एक तिकीट तरी पाठवायला सांग!" चॅनल काढून टाका म्हणून त्यांनी केबलवाल्यांना फोनही केला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर उत्तर आलं, ते पॅकेजातच आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय अजून सुरू व्हायचाय! बरं, पळवतो.

१९८४पर्यंत टीव्हीवर कुणाचे किती सामने, हे एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संघटना, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टानं ७-२ नं ही मक्तेदारी मोडली. सामने विकायची मुभा मिळाल्यावर कॉन्फरन्स वाढवत नेणं फायद्याचं झालं. पुढे लोक केबल तोडू लागले, घरांचा हिशेब लटका पडला, आणि भाव आला तो लाखो लोक थेट बघतील अशा सामन्यांना. म्हणून २०२१मध्ये टेक्सस-ओक्लाहोमानं एसईसी या दक्षिणेतल्या कॉन्फरन्सचा रस्ता धरला. २०२२मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेनला होकार दिला; त्याच ऑगस्टमध्ये बिग टेननं फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांच्या वरचा करार केला. या दोघांनी मागे सोडलेल्या पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सपुढे सामने दाखवण्यासाठी ॲपलचा प्रस्ताव होता, पण पैसा ग्राहक किती मिळतात त्यावर. ४ ऑगस्ट २०२३ला एका दिवसात तिथून पाच विद्यापीठं निघाली. त्यातली ऑरेगन आणि वॉशिंग्टन तर बिग टेनमध्ये अर्ध्याच्या आसपासच्या वाट्यावर गेली! शेवटी उरली दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. स्टॅनफर्ड आणि बर्कली आता अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात. मी नकाशा पाहिला, समुद्र जागच्या जागीच आहेत.

एवढं एकच सांगतो आणि बसतो. फुटबॉलवाले साधारण आठवड्यातून एकदा खेळतात. व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने जास्त, आणि रटगर्सहून लॉस एंजेलिस चार हजार किलोमीटर. करार झाला फुटबॉलसाठी, विमानात बसतात या. इथे कुणाची मुलगी खेळत असेल, तर प्रश्नोत्तरांत माझ्याऐवजी तिला माइक द्या.