मॉडेल पाण्याचं, भाषा कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो. पूर कुठवर चढेल, धरणातून पाणी कधी सोडावं, उपसा वाढला तर भूजल किती खाली जाईल, हे सांगणारी गणिती मॉडेल आज जगभर वापरली जातात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं ‘मॉडफ्लो’ हे भूजलाचं मॉडेल १९८४ सालचं. कुणालाही ते फुकट मिळतं. तरीही ज्यांच्या विहिरींचं भवितव्य ते सांगतं, त्यांना त्यातलं फार थोडं कळतं.

पूर्वी त्यात प्रत्येक आकडा ठरलेल्या रकान्यातच भरावा लागे. आकडा एक घर सरकला की उत्तर बिघडायचं. आता पडद्यावर नकाशा येतो, त्यावर रेघ ओढली की नदी मांडता येते. ही मोठीच सोय झाली. पण माझ्या मते खरी अडचण पडद्याची नाहीच; उत्तर कुणाच्या भाषेत सांगितलं जातं, याची आहे.

पूररेषेचंच बघा. नकाशावरची निळी कड पाहून वाटतं, पाणी इथे थांबणार. प्रत्यक्षात ती कड पावसाच्या नोंदींवर, नदीपात्राच्या मोजणीवर आणि पात्र किती खडबडीत धरलं यावर ठरते. यातलं काहीही बदललं की कड हलते. त्यात ‘शंभर वर्षांचा पूर’ हे नाव! ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत काळजी नाही. खरा अर्थ असा, की एवढा किंवा याहून मोठा पूर येण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का असते. त्या रेषेवरच्या घरात ३० वर्षं राहिलात, तर तो निदान एकदा दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. घर बांधणाऱ्याला हा दुसरा आकडा सांगायला हवा. अभियंत्याला क्युसेक लागतात, शेतकऱ्याला पाणीपाळीची तारीख.

अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९९०च्या दशकात दुष्काळ नियोजनासाठी एक पद्धत विकसित केली. पाणी वापरणारे आणि तज्ज्ञ एकत्र बसून मॉडेल बांधतात. पुराचं पाणी कोणत्या रस्त्यावर आधी येतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि ते सुरुवातीलाच मॉडेलमध्ये जातं. यात वेळ जातो, वादही होतात. ते व्हावेत.

म्हणून श्रोतेहो, तुमच्यासमोर असा नकाशा आला तर जरूर विचारा: यात काय गृहीत धरलंय, आणि मागच्या पुराच्या वेळी याचा अंदाज किती चुकला होता?